शेवटच्या विटेआधी

ओळंब्याला त्या दिवशी खरं तर कामावर जायचंच नव्हतं. पण आपण नाही गेलो तर आपल्या जागी दुसरा जातो, आणि दुसऱ्याच्या हाताने तिथून काय बाहेर येईल, याची त्याला बावीस वर्षं धास्ती होती. म्हणून सकाळी आठ वाजता तो नेहमीसारखा दाराशी बसून पिशवी भरत होता. छिन्नी, हातोडा, थापी, टेप, सुताचा गुंडा. सगळ्यात खाली त्याने एक रिकामं पोतं घडी करून घातलं. गवंड्याला पोतं कशाला लागतं, असं कोणी विचारू नये म्हणून त्याच्यावर थापी आडवी टाकली.

ओळंबा हे काही त्याचं नाव नव्हे. दोरीला लटकवलेलं ते लोखंडी वजन असतं ना, भिंत सरळ आहे की कलली ते सांगणारं, तो ओळंबा. याची भिंत केसभर कलत नाही आणि बोलणंही तसंच, सरळ रेषेत खाली पडणारं, म्हणून गोदीतल्या लोकांनी हे नाव चिकटवलं आणि ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. लोकांचं काय जातंय नाव ठेवायला. भिंतीच्या आत काय आहे ते ओळंबा सांगत नाही.

"भाऊजी, डबा," वहिनी आतून आली आणि डबा पिशवीवर ठेवून तिथेच उभी राहिली. "आज कुठे?"

"जुन्या वखारीत."

"तळघरात?"

"हं."

वहिनीने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "म्हणजे तिथलंच ते. तुमच्या दोघांचं शेवटचं काम."

ओळंब्याने पिशवीचा बंद आवळला. पुढचा प्रश्न त्याला पाठ होता. वर्षातून दोन-तीनदा तो यायचाच, कधी भाजी निवडताना, कधी दिवा लावताना, कशाचा काही संबंध नसताना.

"तेव्हा ठोकलं होतं ना, भाऊजी?"

"ठोकलं होतं, वहिनी."

ती मान हलवून आत गेली. हे एवढंसं खोटं तो दर वेळी सरळ उभं करायचा आणि दर वेळी ते टिकायचं.

आता ही ठोकण्याची भानगड काय, ते आधी सांगायला हवं.

त्या बंदराच्या शहराचा जुना भाग पोकळ आहे. वर वखारी, दुकानं, हमालांची वर्दळ, आणि खाली भुयारं. कोणी म्हणतं माल लपवून न्यायला खणली, कोणी म्हणतं वेढा पडला तर पळायला. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. खणणारा एकही माणूस आज सांगायला नाही, तेव्हा कोणीही काहीही म्हणावं. एवढं मात्र खरं, की भरतीला समुद्र या भुयारांत शिरायचा आणि वखारींच्या तळघरांत ठेवलेली पोती खालून भिजायची. शेवटी बंदराच्या कचेरीने भुयारांची तोंडं बुजवायचं ठरवलं आणि ते काम दोघा भावांना मिळालं. दादा थोरला, ओळंबा धाकटा. एकूण अकरा तोंडं होती.

तोंड बुजवायची एक रीत होती. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. भिंत पूर्ण चढवायची, पण मधोमध एका विटेची जागा मोकळी सोडायची. मग थापीच्या मुठीने भिंतीवर तीनदा ठोकायचं, त्या भोकाला तोंड लावून विचारायचं, "आत कोणी आहे का?" आणि शंभरपर्यंत मोजायचं. मोठ्याने, सावकाश. उत्तर आलं नाही तरच शेवटची वीट. हे काही देवाधर्माचं नव्हे, अनुभवाचं होतं. बुजवलेल्या जागेतून पूर्वी एकदा मांजर निघालं होतं, एकदा दुपारची झोप काढणारा मजूर. चौथ्या तोंडाशी तर दादाने विचारल्यावर आतून कोणी दारूडा खलाशी म्हणाला होता, "आहे, आहे. चहा सांगा." दोघे भाऊ हसून हसून खाली बसले होते.

दादा हसायचा खूप. पण कामात त्याच्यासारखा किरकिऱ्या माणूस नाही. विटांच्या फटीत बाहेरून चुना-सिमेंटचा माल दाबून बोटाने गुळगुळीत करतात, त्याला दर्जा भरणं म्हणतात. दादा दर्जा भरायचा तो आरशासारखा. आणि धाकट्याने भरलेल्यावरून बोट फिरवून, जमला नाही तर सरळ उकरून काढायचा. अकराव्या तोंडाच्या दिवशी सकाळी त्याने तेच केलं, आणि तेही चार मजुरांसमोर. "घाईचा दर्जा घाईनेच गळतो रे. वीट ठेवली म्हणजे भिंत होत नाही." मजूर फिदीफिदी हसले. धाकट्याने उकरलेला दर्जा पुन्हा भरला. आतून मात्र धुमसत राहिला.

दुपारी भिंत कमरेएवढी चढल्यावर दादा म्हणाला, "मी आत जाऊन समुद्राकडची भिंत बघून येतो, पाझरतेय का," आणि ओलांडून आत गेला. समुद्राकडचं तोंड त्यांनी आठवड्यापूर्वीच बुजवलं होतं, पण भरतीला पाणी अजून खालून शिरायचं. धाकटा वर विटा आणायला गेला. परत आला तर खुंटीवरचा दादाचा सदरा नव्हता. सदरा नाही म्हणजे दादा परत येऊन चहाला गेला, असं त्याने धरलं. आत गारठा असतो आणि गारठ्यात माणूस सदरा घालतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं आणि त्याने ते बाजूला सारलं. इतक्या वर्षांनी ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

रागाच्या हाताने त्याने भिंत चढवली. शेवटची वीट आली. ठोकायचं होतं, विचारायचं होतं, शंभर मोजायचं होतं. त्याने वीट ठेवली आणि दाबली. चारचा भोंगा झाला.

आणि हत्यारं धूत असताना भिंतीतून तीन ठोके आले.

इथपर्यंत झालेली चूक कोणाकडूनही होते. पुढचं मात्र सगळ्यांच्या हातून होत नाही. माल अजून ओला होता. एका हाताने वीट काढता आली असती. ओळंबा भिंतीसमोर उभा राहिला, ठोके ऐकले, आणि मनात म्हणाला, बसू दे घटकाभर. कळू दे. चहा पिऊन येतो आणि काढतो.

तो चहा प्यायला. परत आला तर रखवालदार तळघराला कुलूप लावून किल्ली घेऊन घरी गेलेला. मजूर पांगलेले. भरती चढत होती. हा दार बडवून आला, रखवालदाराच्या घराचा पत्ता विचारत अर्धं गाव फिरला. सकाळी दार उघडलं तेव्हा तळघराच्या जमिनीवर घोटाभर समुद्र होता. त्याने भिंतीवर तीनदा ठोकलं. आतून काही आलं नाही. उघडलं तर काय दिसेल ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने उघडलं नाही. त्या पहाटे एक जहाज बंदर सोडून गेलं होतं. दादाला संध्याकाळी धक्क्याकडे जाताना पाहिलं, एवढंच त्याने सांगितलं. बाकीचं लोकांनी आपापलं जोडून घेतलं. बायको टाकून पळाला, म्हणाले.

वहिनीला मूल नव्हतं. ओळंब्याने तिला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं, तिला काही कमी पडू दिलं नाही, आणि स्वतः लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता बंदराच्या कचेरीला भुयारं परत उघडायची होती. पाहुण्यांना दाखवायला, तिकीट लावून. नकाशा कुठेच नव्हता. तोंडं कुठे आहेत हे ठाऊक असलेला एकच माणूस जिवंत होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ते असं.

काम बघणारी इंजिनिअर तरुण होती, बोलायला मोकळी. ओळंब्याला मामा म्हणायची. "मामा, ओहोटी अकराला आहे. मी बाराला येते, तोवर खुणा करून ठेवा. फोडायला मजूर देते." ओळंबा दहालाच वखारीत पोचला. बारापर्यंत जे असेल ते पोत्यात भरायचं आणि धक्क्यावरून समुद्रात सोडायचं, असा त्याचा बेत होता. भावाला दुसऱ्यांदा बुडवायला निघालो आहोत, हे त्याला जिना उतरताना कळत होतं, आणि तरी तो उतरत होता.

तळघरात विजेचा एक दिवा होता. ओल्या पोत्यांचा वास, जुन्या चुन्याचा वास. बावीस वर्षांत इथे काही बदललं नव्हतं. खुंटीसुद्धा जागेवर होती. भिंतीसमोर उभं राहून त्याने सवयीने मान तिरकी करून पाहिलं. भिंत सरळ होती. दर्जा मात्र ठिकठिकाणी गळला होता. घाईचाच तो.

त्याने छिन्नी लावली. पहिली वीट सुटायला वेळ लागला, बाकीच्या पटापट निघाल्या. काढलेल्या विटा त्याने सवयीने बाजूला नीट रचून ठेवल्या. माणूस आत जाईल एवढं भोक झालं. आतून गार हवा आली, ओहोटीच्या समुद्राची. कुजका वास येईल म्हणून त्याने श्वास धरला होता, पण तसा वास नव्हताच. ताज्या मालाचा वास होता. नुकता कालवलेला माल असतो, तसा.

भोकाच्या कडेला धरून आत वाकावं म्हणून त्याने भिंतीच्या आतल्या बाजूला हात टाकला, आणि हात तिथेच राहिला.

भिंत एका बाजूने बांधतात. गवंडी ज्या बाजूला उभा असतो तीच बाजू साफ होते. पलीकडे फटींतून बाहेर आलेला माल तसाच लोंबतो, वाळून त्याचे ओघळ होतात. तिथे कोणाचा हात पोचतच नाही. ओळंब्याच्या बोटांना ओघळ लागले नाहीत. फटी भरलेल्या होत्या, आतून, आरशासारख्या गुळगुळीत. त्याने अंगठा दाबला. अंगठा रुतला.

माल ओला होता.

पळून जावं असं प्रत्येक हाडाने सांगितलं. पण बारा वाजता ती पोरगी येणार होती, आणि आत जे काही होतं ते तिच्या हाती लागू द्यायचं नव्हतं. त्याने डोक्याला बॅटरी बांधली, पोतं काखेत मारलं आणि आत उतरला.

भुयार सरळ होतं, डोक्याला टेकेल एवढं, समुद्राकडच्या भिंतीपर्यंत चाळीस पावलं. बॅटरीच्या उजेडात तो जमीन बघत चालला. ओली वाळू होती, तीवर एकही खूण नव्हती. हाडं नव्हती. कापडाची चिंधी, चपलेचा अंगठा, बटण, काहीच नव्हतं. उंदराचं हाडसुद्धा नव्हतं. दोन्ही अंगांच्या जुन्या दगडी भिंती मात्र... त्याने मान फिरवून उजेड टाकला. दगडा-दगडातली एकूण एक फट भरलेली होती. जमिनीपासून माथ्यापर्यंत. चाळीस पावलं, दोन्ही बाजू. एका माणसाने एका हाताने भरायचं म्हटलं तर किती वर्षं लागतील, हा हिशेब गवंड्याला चटकन येतो. त्याला तो आला, आणि पुढची पावलं तो भिंतीला अंग लागू न देता चालला.

समुद्राकडच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात थापी होती. मुठीला निळ्या चिंधीचा गुंडाळा होता. दादाच्या तळव्याला फोड यायचे म्हणून वहिनीने तो शिवून दिला होता. थापीचं पातं वीतभर असतं. याचं झिजून झिजून चमच्याएवढं उरलं होतं. त्याने ती उचलून पोटाशी खोचली.

"दादा..." ओळंबा म्हणाला. आवाज निघाला की नाही, कळलं नाही.

तेव्हा मागून आवाज आला. घमेल्याच्या कडेवर थापी घासल्याचा. मग वीट टेकल्याचा. मग विटेवर मुठीने टकटक, दाबून बसवल्याचा. आयुष्यभर ऐकलेले आवाज. कोणी घाईत नव्हतं. एकेक वीट निवांत बसत होती.

तो वळला. चाळीस पावलांवर त्याने पाडलेल्या भोकातून तळघराचा उजेड दिसायला हवा होता. तो अर्धाच दिसत होता. मग त्याहून कमी. ओळंबा धावला. त्याचं डोकं दोनदा माथ्याला आपटलं, बॅटरी कुठेतरी पडली, पोतं पडलं. पोचला तेव्हा समोर भिंत होती, आणि तिच्या मधोमध एका विटेएवढा उजेड.

तीन ठोके पडले.

मग तो उजेड झाकला गेला. पलीकडून कोणीतरी भोकाला तोंड लावलं होतं.

"आत कोणी आहे का?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. शिवी असती, रडणं असतं, काहीही असतं. पण हा कामातला आवाज होता. दादा अकरापैकी दहा तोंडांशी ज्या आवाजात विचारत आला होता, तोच. रीत म्हणून विचारलेलं. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर वीट.

"एक..." आवाज मोजू लागला. "दोन... तीन..."

ओळंब्याने तोंड उघडलं. शब्द येईना. आहे म्हणायचं होतं, एवढंसं. पण आहे म्हटलं की कोण, ते सांगावं लागणार होतं. "तीस... एकतीस..." पायाखाली वाळू गार लागली. भरतीला अजून खूप वेळ होता, पण पाणी घोट्याशी आल्यासारखं वाटलं. पाण्याकडे पाठ करून, अंधारात, या भिंतीवर मूठ आपटणाऱ्याला काय वाटलं असेल, हे बावीस वर्षं त्याने मनात येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं. "साठ..." त्याने भिंतीवर दोन्ही हात टेकले. "ऐंशी... एक्याऐंशी..." विटेचा कोपरा भोकाच्या कडेला टेकल्याचा आवाज झाला.

"नव्वद."

"आहे," ओळंबा म्हणाला. "आहे... मी आहे, दादा. मी ठोकलं नव्हतं. तू ठोकलंस ते ऐकलं होतं मी."

मोजणं थांबलं.

"मामा?" इंजिनिअरचा आवाज आला. "अहो, आत काय करताय एकटेच?"

समोर माणूस जाईल एवढं भोक होतं, त्याने स्वतः पाडलेलं. पलीकडे त्याच्याच हाताने रचलेल्या विटांची चळत होती, आणि तिच्यामागे ती पोरगी, हातात बॅटरी घेऊन. तिने हात देऊन त्याला बाहेर काढलं.

"आकडे कसले मोजत होता? मी जिन्यावर होते, साठापासून ऐकतेय."

"पावलं," ओळंबा म्हणाला.

तिने आत वाकून भिंतीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. "आतून दर्जा? हे कोणी भरलं असेल?" मग बोटाकडे बघितलं. "ओलं कसं काय... दमटपणा असेल." बोट तिने रुमालाला पुसलं. दुपारी माणसं आत जाऊन सगळं तपासून आली. भुयार रिकामं होतं, समुद्राकडचं तोंड पक्कं बंद होतं. ओळंब्याचं पोतं आणि बॅटरी तेवढी सापडली.

थापी त्याने सदऱ्याखाली लपवली होती. दादाने त्याला विचारलं होतं, शंभरपर्यंत वाट पाहायची तयारी ठेवून विचारलं होतं. याने भावाला तेवढंही दिलं नव्हतं. घरी जाईपर्यंत दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं.

वहिनी चहाचं आधण ठेवत होती. इतक्या लवकर त्याला आलेलं पाहून तिने घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते. ओळंब्याने थापी ओट्यावर ठेवली. वहिनीने तिला हात लावला नाही. निळ्या चिंधीकडे बघत राहिली, आधणाचं पाणी उकळून खाली गेलं तरी.

"वहिनी," तो म्हणाला, "मला काही सांगायचं आहे."

"थांबा," ती म्हणाली. "चार वाजू द्या."

चार वाजले. ओट्यामागच्या भिंतीत तीन ठोके पडले. स्वच्छ, मोजून.

वहिनीने भिंतीकडे तोंड केलं आणि शेजारणीला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आहे हो."

मग वळून त्याच्याकडे बघितलं. "आज तुम्हालाही ऐकू आलं तर. बावीस वर्षं रोज येतंय. तुम्ही या वेळी कामावर असता. मी एकदा शेजारच्या बाईला बोलावलं होतं, तिला काही ऐकू गेलं नाही. गवंड्याची बायको आहे मी, उत्तर द्यायचं असतं एवढं मला कळतं. उत्तर नाही दिलं तर वीट बसते. म्हणून बावीस वर्षांत एक दुपार मी हे घर सोडलं नाही. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, गेले नाही. आई गेली तेव्हाही गेले नाही. जहाजावर गेलेला माणूस भिंतीतून कसा ठोकेल, भाऊजी? म्हणून तुम्हाला विचारत होते."

ओळंब्याने सांगितलं. सदरा, राग, वीट, ठोके, चहा. चहाचं सांगताना त्याचा आवाज फुटला. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"चहा पिऊन येतो म्हणालात," शेवटी ती म्हणाली. "बरं."

मग तिने थापी उचलून पदरात गुंडाळली. "सकाळच्या गाडीने मी बहिणीकडे जाते. परत यायची नाही. हे उत्तर द्यायचं काम माझं नव्हतंच. ते तुम्हाला विचारत होते, मी उगाच मध्ये बोलत राहिले. आता तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी चारला ठोके ओट्यामागे पडले नाहीत. ओळंब्याच्या खोलीत पडले, खाटेच्या उशाशी. आणि आता नुसते ठोके नव्हते. "आत कोणी आहे का?" तोच कामातला आवाज. "आहे, दादा," ओळंबा म्हणाला.

त्याने काम सोडलं. दुसऱ्या गल्लीत भाड्याने खोली घेऊन पाहिली. पहिल्याच दुपारी ठोके तिथे आले. धर्मशाळेत गेला, तिथेही आले. भिंत कुठे नसते? शेवटी तो घरी परत आला आणि पावणेचारचा गजर लावायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, औषधाची वेळ आहे.

तीन महिने असे गेले. मग त्याला ताप भरला, असा की शुद्ध राहिली नाही. किती दिवस पडून होता, त्याला सांगता येईना. डोळे उघडले तेव्हा खोलीत काळोख होता. रात्र असेल म्हणून तो पडून राहिला. पण बाहेर रस्त्यावर दिवसाचे आवाज होते, भंगारवाल्याची हाळी, शाळा सुटल्याचा गलका.

दार वाजलं. इंजिनिअर होती, फळं घेऊन, तब्येतीची चौकशी करायला. आत येऊन तिने दिवा लावला आणि खिडकीकडे बघत राहिली.

"मामा, हे काय? खिडकी का बुजवलीत?"

ओळंब्याने मान वळवली. खिडकीच्या जागी भिंत होती. विटांचे थर सुतात, दर्जा आरशासारखा. मधोमध एका विटेची जागा मोकळी होती आणि तिच्यातून उन्हाची पट्टी जमिनीवर पडली होती.

"काम मात्र सुंदर आहे हं," ती जवळ जाऊन म्हणाली. "आजारपणात हे केलंत? अजून ओलं आहे. पण ही एक वीट का सोडलीत?"

ओळंब्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. तापाने घसा पार बसला होता. त्याने पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द झाला नाही. मग त्याने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने घड्याळ दाखवलं, मग जमिनीकडे, बस, थांब.

"नाही हो मामा, मला चारला कचेरीत पोचायचंय," तिने हळूच मनगट सोडवून घेतलं. "पडून राहा. कोमट पाण्याच्या गुळण्या करा. उद्या डॉक्टरला घेऊन येते."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. ओळंबा खाटेवरून उतरला, भिंतीला धरत धरत खिडकीपाशी गेला आणि त्या एका विटेच्या भोकाला तोंड लावून बसला. एकच शब्द होता. तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता, आणि पुन्हा पुन्हा नुसती हवा येत होती. घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती. बाहेर घमेल्यात कोणीतरी माल कालवत होतं.